कॉलेजला मानद डॉक्टरेट देता येत नाही, मग सन्मान करायचा कसा? सोलापुरातल्या कॅथलिक संस्थांसाठी सविस्तर

मिशनरी संस्थांच्या मीटिंगमध्ये हा विषय अधूनमधून निघतोच. ज्युबिली जवळ आलेली असते, नाहीतर फादर प्रिन्सिपल नुकतेच अमेरिकेहून कॉन्फरन्स करून आलेले असतात, तिथल्या कॅथलिक कॉलेजच्या समारंभात गावातल्या एखाद्या नर्सला, वस्तीत शाळा चालवणाऱ्या बाईला मानद डॉक्टरेट दिलेली त्यांनी बघितलेली असते, आणि मग म्हणतात, आपण पण देऊया की. आयडिया झकास आहे, पण देता येत नाही. आणि हे कळेपर्यंत बऱ्याचदा पत्रिका छापायला गेलेली असते. मी बरीच वर्षं कॉलेजांना, ट्रस्टना मानपत्रं लिहून देतो, कार्यक्रमाची कागदपत्रं बघतो, त्यामुळे हे सगळं एकदा क्रमानं लिहून ठेवतोय.

आधी कायदा, मग हार-तुरे

यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६, कलम २२. पदवी कोण देऊ शकतं? केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं झालेलं विद्यापीठ, कलम ३ खाली डीम्ड (अभिमत विद्यापीठ) झालेली संस्था, किंवा संसदेनं खास अधिकार दिलेली संस्था. बास. संलग्न कॉलेज यात कुठंच बसत नाही. ऑटोनॉमस असलं तरी नाही, कारण ऑटोनॉमस कॉलेज परीक्षा स्वतः घेतं, अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, पण पदवीवर सही विद्यापीठाचीच असते. "मानद" शब्द लावला म्हणून सूट मिळत नाही.

मग अमेरिकेत कसं चालतं? तिथं कॉलेजला स्वतःचं चार्टर म्हणजे सनद असते, त्यातच पदवी द्यायचा अधिकार असतो. जॉर्जटाऊन ही जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची संस्था १७८९ ची, १८१५ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं तिला पदव्या द्यायचा अधिकार दिला. आपल्याकडं कॅथलिक संस्थांमध्ये हा अधिकार आहे तो बंगळुरूच्या क्राइस्टसारख्यांकडं, ती २००८ ला डीम्ड झाली, किंवा राज्याच्या कायद्यानं झालेल्या कोलकात्याच्या सेंट झेवियर्स युनिव्हर्सिटीकडं. सोलापुरातलं कॉलेज मग ते कॅथलिक असो, लिंगायत संस्थेचं असो की आर्य समाजाचं, पदवीसाठी विद्यापीठावरच अवलंबून.

कलम २४ मधला दंड किती असेल? हजार रुपयांपर्यंत. वाचून कुणीतरी हसतंच, "भरून टाकू की बे". पण प्रश्न हजार रुपयांचा नाहीच, संलग्नता विद्यापीठाकडं आहे, तिथून खुलासा मागणारं पत्र आलं की प्रिन्सिपलची झोप उडते, आणि ज्या माणसाचा सन्मान केला त्याचं नाव पेपरात "बोगस डॉक्टरेट" या मथळ्याखाली येतं. ज्यानं काही मागितलंच नव्हतं त्याची बदनामी आपल्यामुळं, हे सगळ्यात वाईट.

याच्यातच तो दुसरा धंदा. हॉटेलचा हॉल, स्टेजवर पंचवीस-तीस जण गाऊन घालून, कुठल्यातरी परदेशी नावाच्या "युनिव्हर्सिटी"ची मानद डॉक्टरेट, वर "नोंदणी शुल्क". असे फोन आपल्याकडच्या बचत गटवाल्या बायकांना, झेडपीच्या शिक्षकांना सर्रास येतात. पैसे मागितले की समजायचं. प्रमाणपत्रावर अशोकस्तंभ छापलेला दिसला की तर नक्कीच, कारण राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा वेगळा कायदा आहे. यूजीसीच्या वेबसाईटवर बोगस विद्यापीठांची यादी असते ती बघायची, आणि यादीत नाव नाही म्हणजे खरंच आहे असंही समजायचं नाही.

खरीच मानद पदवी हवी असेल तर

रस्ता केगावला, म्हणजे सोलापूर विद्यापीठाकडं जातो. आपलं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला झालं, त्याआधी जिल्ह्यातली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडं होती, आणि २०१९ पासून नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ खाली मानद पदवीचा विषय व्यवस्थापन परिषद, अधिसभा आणि कुलपती म्हणजे राज्यपाल, या सगळ्यांकडून जातो. कॉलेजनं काय करायचं तर कुलगुरूंच्या नावानं प्रस्ताव द्यायचा. दोन पानी पत्र, माणसाच्या कामाचं टिपण, पुरावे, दोन-तीन जाणकारांची शिफारसपत्रं, आणि संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव जोडलेला. प्रस्ताव आवक-जावकला देऊन पोच घ्यायची आणि गप्प बसायचं. पेपरात "अमुकना डी.लिट. मिळणार" अशी बातमी सोडायची नाही, आणि त्या माणसाला तर सांगायचंच नाही, कारण नाही झालं तर त्याला विनाकारण वाईट वाटतं.

कुणासाठी हा रस्ता धरायचा? ज्याच्या कामाचा आवाका जिल्ह्याबाहेर गेलाय त्याच्यासाठी. बाबासाहेबांना कोलंबियानं १९५२ मध्ये एलएल.डी. आणि उस्मानियानं १९५३ मध्ये डी.लिट. दिली, मानद पदवीची उंची काय असते ते त्यावरून कळतं (त्यांच्या नावापुढचं "डॉ." मात्र कमावलेल्या पदव्यांचं, हे पोरांना आवर्जून सांगायला हवं). माढ्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसलेंना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ जणांत वाटली. म्हणजे जगानं दखल घ्यावी असं काम खेड्यातून होतं, नाही असं नाही. पण वस्तीत तीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या सिस्टरचा किंवा विडी कामगार बायकांची खाती उघडून देणाऱ्या मावशींचा सन्मान करायला राज्यपालांची वाट कशाला बघायची? त्यासाठी कॉलेजचा स्वतःचा सन्मान पुरतो, नीट केला तर.

स्वतःचा सन्मान: नाव आणि नियमावली

नावात "पदवी", "डॉक्टरेट", "डी.लिट.", "होनोरिस कॉझा" (मानद पदवीचं लॅटिन नाव) यातलं काहीही नको. "सन्मान", "पुरस्कार", "मानपत्र" बिनधास्त चालतं. संस्थापक फादरांच्या किंवा संरक्षक संताच्या नावानं ठेवा, कुणा देणगीदाराच्या नावानं नको, नाहीतर पुढच्या वर्षी त्यांच्या व्याह्याचं नाव यादीत येतं. बघा अनुभव घेऊन.

नियमावली एक पान पुरे. वर्षाला किती जण (माझ्या मते एक, फार तर दोन, त्याच्यावर गेलं की गर्दी होते आणि कुणाचाच सन्मान होत नाही), कोण पात्र, कोण अपात्र, समितीत कोण, निर्णय कसा. संस्थेचे ट्रस्टी, त्यांचे नातेवाईक आणि चालू वर्षात संस्थेला मोठी देणगी दिलेले लोक अपात्र, हे स्पष्ट लिहायचं. निवडणुकीच्या रिंगणात असलेला किंवा उतरणार म्हणून बोर्ड लागलेला माणूस पण त्या वर्षी नको, आचारसंहिता लागली तर अख्खा कार्यक्रम गोत्यात. ठराव ट्रस्टच्या मीटिंगमध्ये मंजूर करून मिनिटबुकात घ्यायचा. रोख रक्कम देणार असाल तर ती कुठल्या खात्यातून जाणार ते सीएला आधी विचारा, विशेषतः परदेशी देणगीचं खातं असेल तर त्याला हात लावण्याआधी दोनदा विचारा.

कॅथलिक म्हणून जास्तीचं काय

इथं दोन टोकाचे लोक भेटतात. एक म्हणतात फक्त आपल्या पॅरिशमधले, म्हणजे आपल्या चर्चचेच घ्या, दुसरे म्हणतात धर्म मधे आणूच नका. दोन्ही चूक वाटतं मला. सोलापुरात कॅथलिक मूठभर, कॉलेजात शिकणारी पोरं बहुतेक पद्मशाली, लिंगायत, मराठा, मुस्लिम, बौद्ध, मग सन्मान त्यांच्याच मोहल्ल्यातल्या माणसांचा होणार आणि तसाच व्हावा. पण संस्था कॅथलिक आहे म्हणजे ती कुठल्या मूल्यांसाठी उभी आहे ते लोकांना या सन्मानातून दिसणारच, ते टाळता येत नाही.

यावरून जगात भांडणं झालीत. अमेरिकन बिशपांनी २००४ मध्ये निवेदन काढलं की चर्चच्या मूलभूत नैतिक शिकवणीच्या उघड विरोधात वागणाऱ्यांना कॅथलिक संस्थांनी पुरस्कार, सन्मान, व्यासपीठ देऊ नये. पुढं १७ मे २००९ ला नोत्र दाम विद्यापीठानं राष्ट्राध्यक्ष ओबामांना मानद पदवी दिली, गर्भपाताच्या मुद्द्यावरून मोठा गदारोळ झाला, तिथले बिशप डार्सी समारंभाला गेलेच नाहीत, आणि त्याच समारंभात पदक घेणार असलेल्या प्राध्यापिका मेरी अ‍ॅन ग्लेंडन यांनी पदक नाकारलं. ते निवेदन अमेरिकेपुरतं, आपल्याला लागू नाही. पण त्यातून धडा घ्यायचा तो असा की माणूस ठरवण्याआधी बोला, नंतर नाही. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, तेव्हा नाव पक्कं होण्याआधी बिशप हाऊसला एक पत्र, परवानगी म्हणून नाही तर कळवलं म्हणून. कॉलेज धर्मसंघाचं असेल तर प्रोव्हिन्शियलना, म्हणजे संघाच्या प्रांतप्रमुखांना पण. कॅथलिक विद्यापीठांसाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये जे मार्गदर्शन दिलं त्यातही स्थानिक बिशपांशी विश्वासाचं नातं ठेवण्यावर भर आहे.

एक अजून. पॅरिशमधल्या एखाद्या आजीबाईंनी आयुष्यभर चर्चसाठी काम केलं असेल तर त्यांना कॉलेजच्या पुरस्कारात कोंबू नका. त्यासाठी पोपकडून मिळणारं बेनेमेरेन्ती पदक असतं, त्याचा प्रस्ताव बिशपांमार्फत जातो. तो रस्ता कुणी फारसा वापरत नाही, आणि आजीबाईंना तेच जास्त आवडेल.

माणूस शोधायचा कसा

अर्ज मागवू नका. जो स्वतःचा अर्ज भरतो, सोबत पेपरातल्या कात्रणांची फाईल जोडतो, त्याला आधीच पन्नास पुरस्कार मिळालेले असतात. नामांकन दुसऱ्यानं करायचं, आणि फॉर्मवर एकच मोठा प्रश्न: "या माणसानं काम थांबवलं तर उद्या कुणाचं काय अडेल?" उत्तरात ठोस काही लिहिता आलं नाही तर नाव बाजूला.

फॉर्म वाटायचे कुठं तर अशोक चौक, साखर पेठ, कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलचे कारखाने, सिव्हिल हॉस्पिटलच्या समोरचे चहावाले. चहावाल्याला कोण पेशंटच्या नातेवाइकांना रोज डबा आणून देतं ते बरोब्बर माहीत असतं. कॉलेजातल्या शिपायांना आणि सफाईच्या मावशींना विचारा, एनएसएसच्या पोरांना त्यांच्या गल्लीतली नावं आणायला सांगा. प्राध्यापकांकडून येणारी नावं मात्र बहुतेक प्राध्यापकांचीच असतात, काय करणार.

मग पडताळणी. समितीतले दोघं जण न सांगता जाऊन काम बघून येतात. त्या माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या आजूबाजूच्या लोकांशी बोलायचं, त्यातला एक तरी त्याच्यावर खार खाणारा हवा. संस्था चालवत असेल तर नोंदणी आणि ऑडिट बघायला मागायचं. पोरांसोबत किंवा बायकांसोबत काम असेल तर तक्रारी आहेत का हे स्पष्ट शब्दात विचारायचं, इथं संकोच करायचा नाही. कोर्टात केस असेल तर कसली ते बघायचं, कारण मोर्चा काढला म्हणून लागलेली केस वेगळी आणि फसवणुकीची वेगळी. सोलापुरात तर पहिल्या प्रकारच्या केसेस म्हणजे अनुभवाचा दाखलाच, इंग्रजांचा १९३० चा मार्शल लॉ बघितलेलं गाव आहे हे.

नाव ठरलं की आधी संमती. घरी जाऊन, बसून. बरेच जण नाही म्हणतात, "मी काय केलंय असं". तिथं आग्रह एकदाच करायचा. नवरा-बायको दोघं मिळून काम करत असतील तर दोघांचं नाव, हे लोक विसरतात आणि मग नवरा स्टेजवर आणि बाई खाली बसलेल्या असतात.

मानपत्र

सगळ्या कार्यक्रमात टिकणारी वस्तू हीच, आणि नेमकं यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. आदल्या रात्री कुणीतरी जुन्या फाईलमधनं मजकूर उचलतं: "आपण समाजकार्याचे दीपस्तंभ असून आपल्या अतुलनीय व निःस्वार्थ सेवेने आपण समाजमनावर अमीट ठसा उमटविला आहे..." नाव बदललं की हेच पतपेढीच्या चेअरमनला पण चालतं. मग त्याचा काय उपयोग?

मी असं करतो. तासभर त्या माणसासोबत बसतो, मोबाईलवर रेकॉर्ड करतो, आणि फक्त "मग काय झालं?" विचारत राहतो. समजा विडी वळणाऱ्या बाई आहेत, वस्तीतल्या बायकांचे हिशेब लिहून देतात. त्या सांगतात की हजार विड्यांवर मजुरी, पण माल बघणारा हातात येतील तेवढ्या विड्या खराब म्हणून काढून टाकायचा, मग मी वहीत लिहायला लागले, कुणाच्या किती काढल्या, कधी काढल्या. झालं, मानपत्र इथंच सापडलं. मग लिहायचं: "आपण सातवीपर्यंत शिकलात. त्या शिक्षणावर आपण एक वही सुरू केलीत. कुणाच्या किती विड्या बाद झाल्या याची रोजची नोंद त्या वहीत असे. ती वही घेऊन आपण कारखान्यात गेलात, तेव्हा आपल्या मागं वस्तीतल्या बायका उभ्या होत्या." विशेषण एक नाही, पण वाचताना हॉल गप्प होतो.

लांबी दीडशे ते दोनशे शब्द, मोठ्यानं वाचायला दोन मिनिटं. शेवटी एक वाक्य कॉलेज हा सन्मान का करतंय याचं, आणि तिथं बायबलमधलं वचन घालायचं तर एकच, छोटं, समोरच्याला उपदेश वाटणार नाही असं. नावाचं स्पेलिंग आधार कार्डावरून नाही, त्यांच्या तोंडून विचारून घ्या. तेलुगू आडनावांची मराठीत जी वाट लागते ती बघवत नाही.

आणि भाषा. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं घराघरात आहे. घरात तेलुगू बोलणाऱ्या माणसाला मराठी मानपत्रासोबत तेलुगूतली प्रत पण द्या, पोरांपैकीच कुणीतरी लिहून देतं, पण त्या समाजातल्या एखाद्या जुन्या शिक्षकाकडून तपासून घ्या, ऑनलाईन भाषांतर करून चिकटवू नका. स्टेजवर दोन ओळी त्यांच्या भाषेत वाचल्या तर घरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्यांदा कळतं की इथं नेमकं काय चाललंय.

कार्यक्रमाचा दिवस

तारीख निवडताना जानेवारीचा गड्ड्याचा आठवडा सोडा, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत गाव अडकलेलं असतं. १२ जानेवारीला तर चार हुतात्म्यांचा दिवस, त्या दिवशी दुसरा कार्यक्रम ठेवणं बरं दिसत नाही. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा पण नको. मला स्वतःला १ मे आवडतो, त्या दिवशी कामकरी संत जोसेफचा सण, १९५५ पासून, आणि कामगार दिन, महाराष्ट्र दिन पण. गिरण्यांच्या आणि विडीच्या गावाला याच्याहून चांगली तारीख कुठली? अडचण एकच, ऊन. चाळीसच्या वर पारा आणि कॉलेजला सुट्टी. म्हणून १ मे धरायचा तर संध्याकाळी साडेसहानंतर, अंगणात, आणि पाण्याचे जार मोजून दुप्पट. नाहीतर डिसेंबरचा पहिला पंधरवडा, हवा छान, ख्रिसमसची गडबड अजून नाही.

रोजंदारीवरचा माणूस असेल तर रविवारीच ठेवा किंवा त्याच्या खाड्याची भरपाई करा, आणि ती पाकिटात घालून स्टेजवर देऊ नका. गाडी पाठवा, घरच्या आठ-दहा जणांना पुढच्या रांगेत जागा राखा, नाहीतर तिथं नगरसेवकाचे कार्यकर्ते बसतात. स्टेजला पायऱ्या किती, कठडा आहे का ते बघा.

गाऊन-टोपी? नको. विद्यापीठाच्या दीक्षांत समारंभासारखं काहीही दिसलं की गैरसमज होतो. शाल-श्रीफळाऐवजी मी सोलापुरी चादर सुचवतो, हातमागावरची मिळाली तर उत्तमच, शालीचा गठ्ठा सगळ्यांच्या घरात पडून असतो, चादर वापरली जाते. प्रमुख पाहुणे एकच. त्यांना लेखी कळवा की भाषण दहा मिनिटं, आणि मानपत्र पाहुण्यांच्या भाषणाच्या आधी वाचा. हा क्रम उलटा झाला की लोक जेवणाकडं पांगतात आणि मानपत्र रिकाम्या खुर्च्यांना ऐकवलं जातं. प्रार्थना सुरुवातीला, छोटी, सगळ्यांना उभं राहता येईल अशी. सत्कारमूर्तींना बोलायचं नसेल तर सक्ती नको, त्याऐवजी दोन पोरांनी त्यांना स्टेजवरच प्रश्न विचारायचे, ते जास्त रंगतं.

नंतरचं

प्रेस नोट स्वतः लिहून द्या, त्यात ठळक लिहा की हा कॉलेजचा सन्मान आहे, पदवी नाही. तरीही एखादा पेपर "मानद डॉक्टरेट प्रदान" छापतोच, तर त्याच दिवशी खुलाशाचं पत्र द्यायचं आणि त्याची प्रत फाईलला. कार्यकर्त्यांनी चौकात नावापुढं "डॉ." लावून फ्लेक्स मारला तर हसून सोडून द्यायचं नाही, फोन करून उतरवून घ्यायचा. खऱ्या मानद पदवीवाल्यांनी सुद्धा "डॉ." लावू नये असाच संकेत आहे.

ऑफिसात या सन्मानाचं वेगळं रजिस्टर ठेवा: ठराव क्रमांक, मानपत्राचा पूर्ण मजकूर, दोन्ही भाषांतला, फोटो, संमतीपत्र. कारण दोन-चार वर्षांनी घरून फोन येतोच, पावसात कपाट भिजलं, मानपत्र गेलं, दुसरं मिळेल का. त्या वेळी प्रिन्सिपल बदललेले असतात, क्लार्क बदललेला असतो, आणि रजिस्टर असेल तर दहा मिनिटांत सहीशिक्क्याची प्रत निघते, नेऊन द्यायला मात्र कुणालातरी पाठवा, त्यांना ऑफिसच्या खिडकीत उभं करू नका.